हवामानशास्त्रज्ञ व्हायचंय, पण डिग्री कशात घ्यायची? गोंदियापासून पुण्यापर्यंतचा रस्ता समजून घ्या

ऑगस्ट २०२० चा शेवटचा आठवडा आठवतोय? बंगालच्या उपसागरावरून निघालेला कमी दाबाचा पट्टा छत्तीसगडवरून मध्य प्रदेशात शिरला आणि तिथे धो धो पाऊस झाला. शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवर धरणातून पाणी सोडावं लागलं आणि वैनगंगेला महापूर आला. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली, सगळीकडे नदीकाठची गावं आणि रोवणी झालेलं धान पाण्याखाली गेलं.

गोंदियासारख्या धानाच्या जिल्ह्यात हवामान हा गप्पांचा विषय नाही, तो घरच्या हिशोबाचा विषय आहे. पऱ्हे कधी टाकायचे, रोवणी कधी करायची, मामा तलाव भरेल की नाही, कापलेलं धान बांधीत राहू द्यायचं की उचलायचं, सगळं आभाळाकडे बघून ठरतं. त्यामुळे इथल्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला "हे अंदाज सांगणारे लोक आहेत ना, मला ते व्हायचंय" असं वाटलं तर नवल नाही.

नवल पुढे आहे. असं वाटलेल्या बहुतेकांना डिग्रीला कोणता विषय घ्यायचा हे कोणी सांगत नाही. चुकीचा विषय घेतला तर ते कळतं थेट एम.एस्सी.चा फॉर्म भरताना, म्हणजे तीन वर्षं गेल्यावर.

हवामानशास्त्राची डिग्री घेतली की झालं, नाही का?

अमेरिकेत मिटीऑरॉलॉजीची बॅचलर डिग्री देणारी बरीच विद्यापीठं आहेत. आपल्याकडे चित्र उलटं आहे. इथे हा विषय मुख्यतः एम.एस्सी., एम.टेक. आणि पीएच.डी.ला शिकवला जातो. म्हणजे आधी दुसऱ्या कशात तरी पदवी घ्यायची आणि मग इकडे वळायचं. प्रश्न फक्त इतकाच, की हे 'दुसरं काहीतरी' कोणतं?

इथे पहिला गोंधळ होतो. शाळेत वारे, पाऊस, दाबाचे पट्टे हे सगळं भूगोलाच्या पुस्तकात असतं, म्हणून अनेकांना वाटतं की बी.ए. भूगोल केलं की आपण हवामानाच्या वाटेला लागलो. भूगोल चांगला विषय आहे, त्यात क्लायमॅटॉलॉजीचा पेपरही असतो. पण 'इथे सरासरी किती पाऊस पडतो' हे वर्णन करणं वेगळं आणि 'परवा दुपारी तिरोड्यात किती पडेल' हे गणित करून काढणं वेगळं. हवामानशास्त्र आज दुसऱ्या प्रकारचं काम करतं, आणि ते काम फिजिक्स आणि गणिताचं आहे.

फिजिक्स आणि गणितच का?

२६ मे २०२५ ला भारताने स्वतःची 'भारत फोरकास्ट सिस्टीम' सुरू केली. पुण्याच्या आयआयटीएमने, म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, ती तयार केली. हे मॉडेल जमिनीचे साधारण ६ किलोमीटर बाय ६ किलोमीटरचे चौकोन पाडतं. आधीचं मॉडेल १२ किलोमीटरचं होतं.

आता जरा गोंदियाचा हिशोब करून बघू. जिल्ह्याचं क्षेत्रफळ सव्वापाच हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. १२ किलोमीटरच्या मॉडेलमध्ये एक चौकोन १४४ चौरस किलोमीटरचा, म्हणजे अख्ख्या जिल्ह्याला ३६-३७ चौकोन. ६ किलोमीटरचं केल्यावर तेच १४५ च्या घरात जातात. सालेकसा-देवरीचं जंगल आणि तिरोडा-गोंदियाची सपाट धानपट्टी आता मॉडेलला जास्त वेगळी दिसते.

या प्रत्येक चौकोनावर जमिनीपासून वरपर्यंत हवेचे थरावर थर असतात. प्रत्येक थरात तापमान, दाब, बाष्प, वाऱ्याची दिशा आणि वेग. आत्ता ते किती आहे हे माहीत असेल, तर काही मिनिटांनी ते किती होईल हे समीकरणांनी काढायचं. मग त्या उत्तरावरून पुढची काही मिनिटं. असं करत करत पुढचे दहा दिवस. हे काम आयआयटीएममधला 'अर्क' नावाचा महासंगणक करतो.

ती समीकरणं जादूची नाहीत. न्यूटनचा गतीचा नियम, उष्णतेचे नियम, 'आलेली हवा कुठेतरी गेलीच पाहिजे' हा वस्तुमानाचा नियम आणि पृथ्वी फिरते म्हणून येणारं कोरिऑलिस बल. हे सगळं लिहिलं जातं पार्शियल डिफरन्शियल इक्वेशन्सच्या भाषेत. ही भाषा येत नसेल तर एम.एस्सी.च्या पहिल्याच सत्रात डायनॅमिक मिटीऑरॉलॉजीचा पेपर डोक्यावरून जातो.

एक गोंदियाचंच उदाहरण घ्या. पावसाळ्यात उपसागरावर तयार झालेलं डिप्रेशन ओडिशातून आत शिरतं आणि साधारण वायव्येकडे सरकतं. त्यातला सर्वांत जोराचा पाऊस केंद्रावर पडत नाही, तो बहुतेक वेळा केंद्राच्या नैऋत्येला पडतो. आता नकाशा डोळ्यासमोर आणा. डिप्रेशनचं केंद्र उत्तर छत्तीसगडवर असेल तर त्याच्या नैऋत्येला कोण येतं? पूर्व विदर्भ. म्हणूनच टीव्हीवर 'डिप्रेशन छत्तीसगडवर' असं ऐकलं की नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राकडून गोंदिया-भंडाऱ्यासाठी नारंगी किंवा लाल अलर्ट येण्याची शक्यता वाढते.

पाऊस नैऋत्येलाच का? वर जाताना वाऱ्याचा वेग आणि दिशा कशी बदलते, डिप्रेशनभोवती हवा कशी फिरते आणि ती नेमकी कुठे वर उचलली जाते, यात त्याचं उत्तर आहे. हे पाठ करता येतं. पण समजून घ्यायचं तर व्हेक्टर कॅल्क्युलस लागतं. माझ्या मते विषय निवडताना हीच कसोटी लावावी: तुम्हाला 'नैऋत्येला पडतो' एवढं पुरतं, की 'का' ते सोडवून बघायचंय?

जागतिक हवामान संघटनेने हवामानशास्त्रज्ञाच्या शिक्षणासाठी जो किमान अभ्यासक्रम ठरवून दिलाय, त्याचा पायासुद्धा गणित आणि भौतिकशास्त्र हाच आहे.

मोठे हवामानशास्त्रज्ञ मुळात काय शिकले होते?

गिल्बर्ट वॉकर १९०४ मध्ये भारताच्या वेधशाळांचे प्रमुख झाले. ते केंब्रिजचे गणिती होते, १८८९ चे सीनिअर रँग्लर, म्हणजे गणितात पहिले. हवामानशास्त्राचं शिक्षण त्यांनी घेतलेलं नव्हतं. मान्सूनचा अंदाज बांधण्यासाठी त्यांनी जगभरच्या नोंदींवर संख्याशास्त्र चालवलं आणि त्यातून 'सदर्न ऑसिलेशन' सापडलं. आज आपण एल निनोच्या नावाने ज्याची चर्चा करतो, त्याचा हा अर्धा भाग.

मराठी नाव हवं असेल तर सुलोचना गाडगीळ. जन्म १९४४, पुणे. फर्ग्युसन कॉलेज, मग पुणे विद्यापीठातून अप्लाइड मॅथेमॅटिक्समध्ये एम.एस्सी. आणि १९७० मध्ये हार्वर्डची पीएच.डी. तीही अप्लाइड मॅथ्समध्येच, आणि विषय महासागरातल्या प्रवाहाचा होता. भारतात परतल्यावर त्यांनी आधी आयआयटीएम आणि मग बंगळुरूच्या आयआयएस्सीमध्ये मान्सूनवर काम केलं. १९८० मध्ये डी. आर. सिक्का यांच्याबरोबर उपग्रहाच्या चित्रांवरून केलेला त्यांचा मान्सूनच्या ढगांच्या पट्ट्यांवरचा अभ्यास आजही वाचला जातो. पुढे त्या आंध्रातल्या अनंतपूरच्या भुईमूग शेतकऱ्यांबरोबरही बसल्या, पेरणी कधी केली तर पावसाचा खंड कमी नडेल हे शोधायला.

आणि गावाकडच्या मुलांनी वाचावी अशी गोष्ट जगदीश शुक्ला यांची आहे. उत्तर प्रदेशातल्या बलिया जिल्ह्यातलं मिर्धा हे त्यांचं गाव. जवळपासच्या शाळांत विज्ञान शिकवतच नव्हते. कॉलेजला विज्ञान शाखेत जायचं म्हणून त्यांनी एका उन्हाळ्यात सहावी ते दहावीची विज्ञानाची पुस्तकं वाचून काढली. मग बनारस हिंदू विद्यापीठात फिजिक्स, गणित, भूगर्भशास्त्र, त्यानंतर जिओफिजिक्स, पुण्यात आयआयटीएम, आणि १९७६ मध्ये अमेरिकेच्या एमआयटीमधून हवामानशास्त्रात डॉक्टरेट.

या तिघांपैकी एकाचीही पहिली डिग्री हवामानशास्त्राची नाही.

मग बी.एस्सी.ला नेमकं काय घ्यायचं?

सर्वांत सुरक्षित उत्तर: फिजिक्स मेजर आणि मॅथ्स मायनर. किंवा उलट, मॅथ्स मेजर आणि फिजिक्स मायनर. दोन्ही चालतात.

हे गोंदियात राहून शक्य आहे. धोटे बंधू विज्ञान महाविद्यालयात फिजिक्स आणि मॅथ्स दोन्ही आहेत आणि ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहे. घराची परिस्थिती बाहेर पाठवण्यासारखी नसेल, तर पहिल्या तीन वर्षांसाठी पुणे-मुंबई गाठायलाच पाहिजे असं काही नाही. खरा खर्च पुढच्या टप्प्यावर करा.

पण इथे एक नवा खड्डा आहे, आणि तो मोठ्या भावाबहिणींना माहीत नसणार. जुन्या पद्धतीत बी.एस्सी.ला पीसीएम ग्रुप घेतला की फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स हे तिन्ही विषय शेवटच्या सत्रापर्यंत बरोबरीने असायचे. विचारच करावा लागत नव्हता. नव्या शैक्षणिक धोरणाची रचना मेजर-मायनरची आहे. एक विषय मुख्य, दुसरा दुय्यम, बाकीचे सुटतात. म्हणजे फिजिक्स मेजर घेऊन मायनर भलतंच घेतलं, तर गणित पहिल्या वर्षातच हातातून निसटू शकतं. पदवी 'बी.एस्सी. फिजिक्स' अशीच दिसेल, पण ज्या एम.एस्सी.च्या माहितीपत्रकात 'पदवीला गणित आवश्यक' असं लिहिलेलं असेल, तिथे फॉर्म अडेल.

म्हणून ॲडमिशनच्या वेळी ऑफिसमध्ये स्पष्ट विचारा: फिजिक्स मेजरला मॅथ्स मायनर देता का, ते किती सत्रं चालतं आणि वेळापत्रकात दोन्ही एकत्र बसतं का? शेवटचा प्रश्न फालतू वाटेल, पण लहान कॉलेजांत दोन विषयांचे तास एकाच वेळी येणं ही खरी अडचण असते.

अभ्यासक्रमात कॅल्क्युलस, डिफरन्शियल इक्वेशन्स, व्हेक्टर ॲनालिसिस, थर्मोडायनॅमिक्स आणि संख्याशास्त्र या गोष्टी सोडू नका. फ्लुइड मेकॅनिक्स मिळालं तर सोन्याहून पिवळं. आणि पायथन शिका, कॉलेजात असो वा नसो. हवामानाचा डेटा एक्सेलमध्ये मावत नाही.

गोष्ट खरं तर अकरावीतच ठरते

आपल्याकडे दहावीला चांगले मार्क पडले की घरात एकच शब्द फिरतो: नीट. मग बायोलॉजी घ्यायचं आणि 'मॅथ्सचा ताण कशाला' म्हणून गणित सोडायचं. नीटमध्ये जमलं तर उत्तम. नाही जमलं तर अशा विद्यार्थ्यासाठी हवामानशास्त्राचा मुख्य दरवाजा जवळपास बंद झालेला असतो, कारण बारावीला गणित नसताना बी.एस्सी.ला गणित मिळणं अवघड.

भारतीय हवामान विभागाने २०२२ मध्ये स्टाफ सिलेक्शन कमिशनमार्फत सायंटिफिक असिस्टंटच्या ९९० जागा काढल्या होत्या. त्यात पदवीच्या अटीबरोबरच बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स हे दोन्ही विषय हवेत अशी अट होती. पुढे कितीही शिकलात तरी बारावीची मार्कशीट बदलत नाही. ज्यांना अजून ठरवता येत नाहीये त्यांनी अकरावीत बायोलॉजीबरोबर मॅथ्सही ठेवावं. ओझं होतं, पण दोन्ही रस्ते उघडे राहतात.

इंजिनिअरिंग, कम्प्युटर, ॲग्री यांचं काय?

इंजिनिअरिंग चालतं. गणित आणि फ्लुइड मेकॅनिक्समुळे मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांचा पाया चांगला असतो. त्यांच्यासाठी गेट परीक्षा आहे, आणि गेटच्या एक्सई पेपरमध्ये 'वातावरण आणि महासागर विज्ञान' असा वेगळा विभागही निवडता येतो. कम्प्युटर सायन्सवाल्यांना आता मागणी वाढतेय, कारण अंदाजात मशीन लर्निंग जोरात शिरलंय. मात्र फिजिक्स अजिबात नसेल तर ते कोड लिहितील, पण आलेलं उत्तर शक्य कोटीतलं आहे की नाही हे त्यांना ओळखता येणार नाही. संख्याशास्त्रही चांगलं, विशेषतः दीर्घकालीन अंदाजांसाठी. केमिस्ट्रीवाल्यांना प्रदूषण आणि हवेतल्या धूलिकणांच्या संशोधनात जागा आहे. नुसत्या एन्व्हायर्नमेंटल सायन्सवर मात्र मी भिस्त ठेवणार नाही, त्यात गणित फार पातळ असतं.

बी.एस्सी. ॲग्रीची वाट वेगळी आहे आणि गोंदियासाठी ती जवळची वाटते. त्यातून एम.एस्सी.ला कृषी हवामानशास्त्र घेता येतं, पुण्याच्या कृषी महाविद्यालयात आणि परभणीच्या कृषी विद्यापीठात हा विषय शिकवतात. धानावर पावसाचा खंड, तापमान, रोग-किडी यांचा काय परिणाम होतो आणि शेतकऱ्याला काय सल्ला द्यायचा, हे ते काम. भारतात याची सुरुवातच पुण्यात झाली, १९३२ मध्ये एल. ए. रामदास यांच्याकडे हवामान विभागाची कृषी शाखा सोपवली गेली तेव्हा.

पण नोकरीचं खरं चित्रही माहीत असू द्या. २०१८ नंतर देशभरातल्या कृषी विज्ञान केंद्रांत १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रं सुरू झाली, त्यात कृषी हवामानाच्या पदवीधरांना कंत्राटी काम मिळालं. मार्च २०२४ मध्ये ती बंद करण्यात आली. शेतकऱ्याला तालुक्याच्या पातळीवर सल्ला देणारी माणसं एका आदेशाने घरी गेली. ज्या जिल्ह्यांचं पोट पावसावर आहे तिथे हा निर्णय उलट दिशेचा होता असं मला वाटतं. या वाटेने जायचं तर नक्की जा, पण 'जिल्ह्यातच नोकरी मिळेल' हे गृहीत धरू नका.

पदवीनंतर कुठे?

महाराष्ट्रात पहिलं नाव पुणे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या वातावरण आणि अवकाश विज्ञान विभागात एम.एस्सी. आहे, प्रवेश परीक्षा विद्यापीठाचीच असते. त्याच शहरात आयआयटीएम आहे, हवामान विभागाची मोठी कार्यालयं आहेत आणि पाषाणला विभागाची प्रशिक्षण संस्था आहे. १९२८ मध्ये हवामान विभागाचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं, पुढे ते दिल्लीला गेलं, पण पुण्यातलं काम टिकलं. जुने पुणेकर त्या इमारतीला अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात. आणि हो, गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस थेट पुण्याला जाते, गाडी बदलावी लागत नाही.

राज्याबाहेर कोचीनच्या कुसॅटमध्ये आणि विशाखापट्टणमच्या आंध्र विद्यापीठात हा विषय जुना आहे. एम.टेक. आणि पीएच.डी.साठी आयआयटी दिल्ली, आयआयटी खडगपूर, आयआयटी भुवनेश्वर, आयआयएस्सी बंगळुरू, तर मुंबईत आयआयटीचं हवामान अभ्यास केंद्र. बारावीनंतर थेट संशोधनाच्या वाटेला लागायचं असेल तर आयसर पुणेचा पाच वर्षांचा बीएस-एमएस कोर्स बघा, तिथे अर्थ अँड क्लायमेट सायन्स हा विभाग आहे.

फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून मग पीएच.डी.ला हवामानाकडे वळणं हा रस्ता तर रुळलेलाच आहे. सीएसआयआर-नेटमध्ये पृथ्वी, वातावरण, महासागर आणि ग्रह विज्ञान असा स्वतंत्र पेपर आहे. जेआरएफ मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये आणि घरभाडं भत्ता. गेट देऊन एम.टेक.ला गेलात तर १२,४०० रुपये. घरच्यांना 'अजून किती वर्षं शिकणार' या प्रश्नाचं उत्तर देताना हे आकडे कामी येतील.

एक फाटा बिरसीचा. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर पायलट घडवणारी राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे आणि व्यावसायिक पायलटच्या परवान्यासाठी मिटीऑरॉलॉजीचा पेपर द्यावाच लागतो. पण तो पेपर म्हणजे ढग, धुकं, वादळ ओळखून विमान सुरक्षित ठेवण्यापुरता. त्याने पायलट होता येतं, हवामानशास्त्रज्ञ नाही. हवाई दलाच्या हवामान शाखेत अधिकारी व्हायचं असेल तर मात्र एएफकॅट परीक्षेची जाहिरात नीट वाचा, तिथेही पदवीला फिजिक्स आणि मॅथ्सचीच अट दिसेल.

आत्ता, डिग्रीच्या आधीच काय करता येईल?

एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे वातावरण विज्ञानाचे कोर्स फुकट आहेत. पहिली दोन-तीन लेक्चर बघा. फळ्यावर समीकरणं आल्यावर तुम्हाला झोप येते की पेन उचलावासा वाटतो, एवढं कळलं तरी खूप.

आणि येत्या पावसाळ्यात एक वही करा. हवामान विभागाच्या वेबसाइटवर इन्सॅट उपग्रहांची ढगांची ताजी चित्रं दिवसभर येत राहतात. उपसागरावर डिप्रेशन बनलं की त्याचं केंद्र रोज सकाळी कुठे आहे ते लिहायचं, नागपूर केंद्राने गोंदियासाठी कोणता अलर्ट दिला ते लिहायचं, आणि प्रत्यक्ष आपल्या गावात किती पडला तेही. सरळ भिंतींचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवून पट्टीने मिलिमीटर मोजले तरी चालेल. केंद्र छत्तीसगडवर असताना तुमच्या डब्यात किती साचलं आणि ते पुढे जबलपूरकडे सरकल्यावर किती, हे चार-पाच वेळा लिहून झालं की त्या नैऋत्येच्या पावसाची गोष्ट तुमच्या स्वतःच्या आकड्यांत दिसायला लागेल.